शाळेची जागा कोणाच्या नावावर?

नळदुर्गचा किल्ला बघायला जाणारे लोक पाणी महाल बघतात, नर-मादी धबधब्याचे फोटो काढतात आणि परत येतात. ह्याच किल्ल्यात 1853 ते 1857 च्या दरम्यान एक इंग्रज अधिकारी राहत होता आणि आपल्या जिल्ह्यातली जमीन कोणाची, ती कशासाठी आणि तिचा सारा किती, ह्या प्रश्नांशी झटत होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांवरची 1839 सालची त्याची इंग्रजी कादंबरी जगभर गाजली. तुळजापूर-नळदुर्गचा परिसर त्याने पुढे 'तारा' ह्या 1863 च्या कादंबरीत वापरला. तेव्हा त्याला ह्या भागाचा लळा लागला होता, हे नक्की.

टेलर इथे कसा आला? 1853 च्या तहात निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा भाग इंग्रजांकडे लावून दिला. त्यातला नळदुर्ग टेलरच्या वाट्याला आला. मग 1857 झालं, निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि 1860 साली बक्षीस म्हणून रायचूर आणि धाराशिव परत निजामाला मिळाले. म्हणजे बघा, सात वर्षांत दोन सरकारं! शेतकऱ्याची जमीन तीच, पण तिचे कागद मात्र आधी एका दप्तरात आणि मग दुसऱ्या.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेले काही शनिवार-रविवार मी एक फाईल वाचतोय. माझा एक शाळूमित्र मराठवाड्यात वकिली करतो. त्याच्याकडे एका छोट्या खाजगी शाळेचं काम आलंय. शाळा चर्चच्या आवारात भरते. जागा चर्चची आणि शाळा चालवणारी संस्था वेगळी. सुरुवातीला दोन खोल्या आणि पत्र्याची शेड होती, तिला मुदतीची परवानगी मिळाली. मुदत संपली की नव्याने अर्ज करायचा, असं बरीच वर्षं चाललं. आता वर्ग वाढलेत, पक्की इमारत बांधायची आहे, आणि त्यासाठी पाहिजे कायमची परवानगी. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, जरा ह्या कागदांचा क्रम लावून दे," एवढंच मित्राचं म्हणणं होतं. क्रम लावता लावता मी दीडशे वर्षं मागे जाऊन पोचलो. (शाळेचं, गावाचं नाव देत नाही. प्रकरण चालू आहे.)

आधी जमीन मिळायची

मराठवाड्यात चर्च, शाळा आणि जमीन हे त्रिकूट पहिल्यांदा ठळकपणे दिसतं ते जालन्याजवळ. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे नाव आपल्याला शाळेत कधी भेटत नाही. हा मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला देशस्थ ब्राह्मण तरुण. 1843 साली तो ख्रिस्ती झाला. त्याच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, प्रकरण जास्त प्रसिद्ध आहे. श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं, आणि त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी आख्ख्या सनातनी मुंबईशी वाद घातला. थोरला नारायण मात्र मिशनमध्येच राहिला आणि पुढे जालन्याला आला.

जालना म्हणजे तेव्हा निजामाचं राज्य. तिथे मुख्यतः मांग समाजातले लोक त्याच्याभोवती गोळा झाले. गावात त्यांना ना विहीर, ना शेत, ना शाळा. नुसतं प्रवचन देऊन काय होणार? मग शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवली. चांगली शेकडो एकर! त्या जमिनीवर 1870 च्या आसपास 'बेथेल' नावाचं गाव वसलं. त्यात चर्च होतं, शाळा होती, विहिरी होत्या आणि शेतीही होती.

आता गंमत बघा. मुसलमान राज्यकर्त्याचा दिवाण एका ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या पाद्र्याला अस्पृश्यांच्या वस्तीसाठी जमीन देतो, आणि कुणी 'झोन दाखला आणा' म्हणत नाही. सालारजंग हुशार माणूस होता. पडीक जमीन लागवडीखाली आली तर त्याला हवीच होती. पण मुद्दा असा, की परवानगी म्हणजे एका माणसाचा शब्द. दिला की मिळाली. पण असा शब्द देणारा माणूस कायमचा नसतो. सालारजंग 1883 साली गेला, शेषाद्री 1891 साली. मागे राहिले ते कागद. त्या काळच्या अशा देणग्यांचे कागद आज वाचायचे तर फारसी-उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागतो.

मित्राच्या फाईलमध्येही एक असा कागद आहे. मोडकं-तोडकं भाषांतर जोडलंय, सन फसली. (फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतं. हे मला ह्या फाईलनेच शिकवलं.) निजामी राज्याचा जमीन महसूल कायदाही 1317 फसलीचा, म्हणजे साधारण 1907-08 चा.

मग शाळेलाच परवानगी लागायला लागली

विसाव्या शतकात चित्र उलटलं. आता धाराशिव जिल्ह्यातली गोष्ट. ही चर्चची नाही, पण खाजगी शाळेची आहे आणि ह्या विषयाच्या अगदी गाभ्यातली आहे.

लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा (रवा) गावी 1921 साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी ह्या दोघांचा त्यात पुढाकार. असहकाराचे दिवस होते. सरकारी शाळा नको, आपली शाळा हवी, ही हवा ब्रिटिश मुलखातून सोलापूरमार्गे इकडे आली होती. 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण इथे मुख्याध्यापक म्हणून आला आणि 14 जानेवारी 1930 ला इथेच त्याने संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता एका खेड्यातल्या खाजगी शाळेत घडला, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने पोरांना जितक्या अभिमानाने सांगायला पाहिजे तितकी सांगितली नाही, असं माझं मत आहे.

त्या काळी हैदराबाद संस्थानात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी, तेलुगू, कानडी मुलांना आपल्या भाषेत शिकायचं तर भिस्त खाजगी शाळांवर. आणि 1920 च्या दशकात नेमक्या ह्याच शाळांवर नियम आले, की आधी सरकारची परवानगी घ्या आणि मगच शाळा काढा. सभा घ्यायची तरी परवानगी. 'गश्ती निशान 53' हे नाव आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल, ती हीच भानगड. गावच्या पारावर चार पोरांना बाराखडी शिकवणारा पंतोजीसुद्धा एकाएकी बेकायदेशीर ठरू शकत होता. खाजगी शाळांची संख्या त्यानंतर झपाट्याने घटली.

इथे जमिनीचा प्रश्नच नव्हता. देवळाची ओवरी, वाड्याची ढेलज, मिशनचा बंगला, कुठेही शाळा भरायची. कोणी 'ही जागा शाळेसाठी आहे का?' असं विचारत नव्हतं. 'तुम्ही शिकवता काय?' असं विचारत होतं.

आणि आता जमिनीलाच परवानगी लागते

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. 1950 ला घटना आली. कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. पुढे 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने त्यात 1क हे उपकलम घातलं. अशा संस्थेची जागा सरकारने सक्तीने घेतलीच, तर हक्कच गळून पडेल इतकी तुटपुंजी भरपाई देऊ नये, हा त्याचा अर्थ. जागा गेली की हक्क नुसता कागदावर राहतो, हे घटनाकारांच्या नंतरच्या पिढीला कळलं होतं.

म्हणजे शाळेला परवानगी मिळणं आता हक्काच्या जवळ आलं. पण तोवर अवघड प्रश्न जमिनीकडे सरकला होता. आणि जमिनीबद्दल आपल्याकडे एक सोडून तीन दारं आहेत.

पहिलं दार धर्मादाय आयुक्तांचं. 1950 चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. चर्च हा सार्वजनिक ट्रस्ट. त्याची जमीन विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम 36 प्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. भाड्याने द्यायची तरी मर्यादा आहेच. शेतजमीन 10 वर्षांपर्यंत, बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपर्यंत. त्याच्या पुढे मंजुरीशिवाय नाही. पत्र्याच्या शेडचे करार तीन-तीन वर्षांचे का होते, ते मला इथे कळलं! कुणीतरी जाणकार माणसाने मर्यादेच्या आत बसवून दिलं होतं. पण पक्की इमारत काय तीन वर्षांच्या करारावर बांधणार?

दुसरं दार जिल्हाधिकाऱ्यांचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, लागू झाली 15 ऑगस्ट 1967 पासून. सातबाऱ्यावर 'जिरायत' लिहिलेल्या जागेवर शाळा बांधायची तर कलम 44 खाली बिनशेती, म्हणजे आपल्या भाषेत 'एनए' करून घ्यायची. अर्ज रीतसर घेतल्यापासून 90 दिवसांत निर्णय नाही झाला, तर परवानगी मिळाली असं मानायचं, अशीही तरतूद त्यात होती. वाचून फार आनंद झाला. मग मित्राने सांगितलं, की 89 व्या दिवशी त्रुटीचं पत्र येतं. :) गेल्या दहा-बारा वर्षांत, 2014 पासून, विकास आराखड्यातल्या जमिनींसाठी ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत आली आहे. पण जुन्या प्रकरणांची गाडी जुन्याच रुळांवर अडकलेली असते.

ह्याच संहितेत कलम 117 आहे. शैक्षणिक किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या जमिनीला बिनशेती सारा माफ, पण कधी? त्याचा फायदा धर्म, वंश, जात, जन्मस्थान न बघता सर्वांना खुला असेल तेव्हा. चर्चच्या आवारातल्या शाळेसाठी हे कलम महत्त्वाचं आहे. आवार चर्चचं असलं तरी शाळेचं दार सगळ्या गावाला उघडं हवं. फाईलमधल्या शाळेत बहुतेक मुलं हिंदू आणि मुसलमान घरांतली आहेत. ती हजेरीपटाची झेरॉक्स अर्जाला जोडायची, हे मी सुचवलं. माझं एवढंच योगदान.

तिसरं दार नगररचनेचं. जागा कुठल्या झोनमध्ये आहे, रस्ता किती रुंद आहे, आराखड्यात तिच्यावर काही आरक्षण आहे का, वगैरे.

आता ह्या तीन दारांची गंमत आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. ह्या फाईलमधला पत्रव्यवहार थोडक्यात असा. एक कार्यालय म्हणतं, की जागा शाळेसाठी वापरता येते असा दाखला आणा, मग दीर्घ भाडेपट्ट्याचं बघू. दुसरं म्हणतं, अर्जदाराचा जागेवर हक्क काय? नोंदणीकृत भाडेपट्टा आणा, मग वापर बदलण्याचं बघू. शिक्षण खातं म्हणतं, दोन्ही आणा. आमच्या भाषेत ह्याला सर्क्युलर डिपेन्डन्सी म्हणतात. अ ला ब पाहिजे, ब ला अ पाहिजे, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलेत. प्रत्येक कार्यालय आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर आहे. चूक कुणाचीच नाही आणि काम कुणाचंच होत नाही. ह्यातून सुटायची जुनी युक्ती म्हणजे 'तात्पुरतं'. मुदतीची परवानगी हा आपल्या प्रशासनाचा पॅच आहे.

कागदावर नाव कोणाचं?

ह्या सगळ्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे जमीन नक्की कोणाची. 'चर्चची' हे उत्तर गावाला पुरतं, तलाठ्याला नाही.

मिशनऱ्यांच्या काळात जमिनी घेतल्या गेल्या त्या त्या मिशनच्या किंवा पाद्र्याच्या नावाने. अमेरिकन मराठी मिशन 1813 ला मुंबईत आलं, 1831 ला नगरला आणि पुढे सोलापूरकडे पसरलं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनं निघून गेली, मंडळ्या एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांचं मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. उपासना एक झाली, पण सातबारे काय आपोआप एक होतात? गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2013 मध्ये निकाल लागला: विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, त्याला सार्वजनिक विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते. कायदा तोच, आपलाच 1950 चा. गुजरात तेव्हा मुंबई राज्यात होता ना!

मराठवाड्यात ह्यावर आणखी एक थर आहे, निजामी इनामांचा. मदतमाश, खिदमतमाश, मुंतखब हे शब्द इथल्या प्रत्येक वकिलाच्या जिभेवर असतात. 1950 च्या दशकात हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा आला. इनामं गेली, पण अनेक जमिनींवर 'हस्तांतरणास बंदी'चा, वर्ग 2 चा शिक्का राहिला. मदतमाश जमिनी वर्ग 1 करण्याचा नजराणा कमी करण्यासाठी 2024 मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, म्हणजे प्रकरण सत्तर वर्षं चाललं. त्यामुळे इथे जमिनीचा इतिहास 1954 च्या खासरा पत्रकापासून लावत यावं लागतं. एखादा फेरफार सापडला नाही की साखळी तुटली.

इंग्लंडात काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही, म्हणून थोडं बाहेर बघू. इंग्लंडात 1841 साली 'स्कूल साइट्स अ‍ॅक्ट' आला. जमीनदारांनी गरिबांच्या शाळेसाठी एक एकरापर्यंत जागा द्यावी म्हणून हा कायदा. बहुतेक शाळा गावच्या चर्चकडे सोपवलेल्या. पण त्यात एक मेख होती. जागा शाळेसाठी वापरणं बंद झालं, की ती मूळ मालकाच्या इस्टेटीकडे परत जाणार. दाता निश्चिंत राहावा म्हणून ही अट होती. त्यावेळी ती शहाणपणाची वाटली असणार.

मग शंभर-सव्वाशे वर्षं गेली. गावं रिकामी झाली, छोट्या शाळा बंद पडायला लागल्या आणि पणजोबांच्या पणजोबांनी दिलेल्या एकराचे वारस शोधत बसायची वेळ आली. शेवटी 1987 ला नवा कायदा करून ही भानगड जरा सोपी केली, आणि तरीही खटले पुढे चालूच राहिले. शाळेसाठी दिलेली जागा 'शाळा असेपर्यंत'च दिली, तर ती कायमची दिली का? हा प्रश्न लॉर्ड लोकांनाही पुरून उरला.

मग कायमचं म्हणजे काय?

फाईल वाचायला घेतली तेव्हा माझं मत साधं होतं. सरकारी खाक्या, दुसरं काय! शाळेसारखं चांगलं काम आणि त्याला इतके अडथळे? पण कागद लावत गेलो तसं मत थोडं बदललं. कलम 36 हा नुसता अडथळा नाही. चर्चची जागा ही त्या मंडळीतल्या गरीब माणसांची सामाईक मालमत्ता आहे. शहराच्या मधोमध आलेल्या मिशनच्या जागांवर बिल्डरांचा डोळा असतो, आणि कधी कधी विश्वस्तांचाही. शाळेच्या नावाने दीर्घ भाडेपट्टा करून उद्या तिथे दुकानाचे गाळे निघाले, तर ती मंडळी जाब कुणाला विचारणार? तेव्हा तिसऱ्या कुणीतरी तपासून मंजुरी द्यावी, हे योग्यच आहे.

पण तपासणं वेगळं आणि लटकत ठेवणं वेगळं. मुदतीच्या परवानगीवरची शाळा पक्की खोली बांधत नाही, कारण ती उद्या अनधिकृत ठरली तर? पक्की खोली नाही म्हणून चांगले शिक्षक टिकत नाहीत. पालक पहिलीतच विचारतात, "दहावीपर्यंत राहील ना हो शाळा?" ह्या प्रश्नाला मुख्याध्यापिका बाईंकडे उत्तर नसतं. धाराशिव-लातूरकडच्या लोकांना तात्पुरत्या पत्र्यांची किंमत वेगळी सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर शेडमध्ये भरलेल्या शाळा आमच्या पिढीने पाहिल्यात. तेव्हा सरकारने 52 गावं नव्या जागी वसवायला घेतली. म्हणजे मनावर घेतलं तर गावठाण, शाळा, रस्ते ह्यांचे कागद एकत्र पुढे सरकू शकतात, हेही आपण पाहिलंय.

मित्राला मी शेवटी एक साधा क्रम लावून दिलाय. आधी नाव: मिशनपासून आजच्या ट्रस्टपर्यंत प्रत्येक बदलाचा चेंज रिपोर्ट आणि फेरफार. मग धर्मादाय आयुक्तांपुढे असा भाडेपट्टा ठेवायचा, ज्यात स्पष्ट लिहिलंय की जागा फक्त शाळेसाठी, पोटभाड्याने देता येणार नाही आणि शाळा बंद पडली तर जागा मंडळीकडे परत. ह्या मंजुरीच्या अधीन राहून वापराची परवानगी द्या, अशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात. दोन्ही अर्जांत एकमेकांचा उल्लेख हवा, म्हणजे कुणी कुणाची वाट बघत बसणार नाही. आणि आराखडा सुधारायची वेळ येईल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत जाऊन त्या जागेवर 'शाळा' असं दाखवून घ्यायचं. माणसाच्या शब्दापेक्षा आणि मुदतीच्या पत्रापेक्षा नकाशावरची खूण जास्त टिकते. मित्र म्हणाला, "बघू, दीड-दोन वर्षं धर."

असो. बेथेलला सालारजंगाचा शब्द मिळाला होता. हिप्परग्याने सरकारी मान्यतेची वाटच पाहिली नाही. आपल्या वाट्याला तीन कार्यालयं आलीत. त्यातल्या त्यात आपलं बरं आहे असं मला वाटतं, कारण शब्द मागे घेता येतो आणि बंडखोरी पिढ्यान्‌पिढ्या पुरत नाही. नीट लावलेला कागद मात्र आपण गेल्यावरही शाळा चालू ठेवतो. आपण पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. एकदा सवड काढून आपण ज्या शाळेत शिकलो तिचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून बघा. ऑनलाइन दिसतं. मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, आणि इतर हक्कात काय लिहिलंय? नाव शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं असेल, तर शाळेत एक फोन करा. तिथल्या क्लार्कला बहुतेक हे आधीच माहीत असतं. त्याला फक्त कागद लावायला बसणारा एक माणूस हवा असतो.